चिखलाच्या बादशहाचे अकरा शुभेच्छुक

अहिल्यानगर जिल्ह्यात परदेशी सायकल शर्यतींच्या चाहत्यांचं एक मंडळ आहे. त्याचा अध्यक्ष मी, सचिव मी आणि सभासदही मीच. मंडळात आजवर एकदाही फूट पडलेली नाही.

मी केडगावात राहतो आणि नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तयार माल तपासतो. केसाइतका फरक सापडला तरी माल परत पाठवतो. (हे लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल.) एप्रिलात आमच्या प्राचीला पुण्यात नोकरी लागली. तिला मेसचं जेवण सोसेना, म्हणून आमची सुनंदा "महिनाभर जाऊन येते" असं सांगून गेली. तो महिना डिसेंबर उजाडला तरी संपला नव्हता! मायलेकी तिकडे रमल्या. इकडे मी, तीन शिट्ट्यांचा कुकर आणि टीव्हीचा रिमोट. लग्नानंतर सव्वीस वर्षांनी रिमोट पहिल्यांदा माझ्या हातात आला, आणि आला तेव्हा हिसकावून घ्यायला घरात कोणीच नव्हतं.

त्या रिकाम्या घरात मला सायकल शर्यतींचा नाद लागला. उन्हाळाभर रस्त्यावरच्या शर्यती बघितल्या. रोज पाच-पाच तास, तीन-तीन आठवडे. दीडशे माणसं डोंगर चढतायत आणि मी सोफ्यावर बसून "अरे, पाणी पी, पाणी पी!" म्हणून ओरडतोय. एका परीने घरात बोलणं चालू राहिलं.

पण जीव जडला तो हिवाळ्यातल्या शर्यतींवर. त्याला सायक्लोक्रॉस म्हणतात. युरोपात ऐन थंडीत, चिखलाच्या रानात ही शर्यत होते. मध्येच चढ येतो, पायऱ्या येतात, चाक रुततं. मग गडी खाली उडी मारतो, सायकल खांद्यावर टाकतो आणि पळत सुटतो! हे पहिल्यांदा बघितलं आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. अहो, हे तर मी आठवीत असताना रोज करत होतो! आमच्या पाथर्डीकडच्या गावात शाळेची वाट काळ्या रानातून. पाऊस झाला की मडगार्डात चिखल गच्च बसायचा, मग सायकल खांद्यावर आणि चपला हातात. मला कोणी बक्षीस दिलं नाही. उशीर झाला म्हणून छड्या दिल्या.

या शर्यतींत बेल्जियमचा एक उंच गडी होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला ते अजून उच्चारता येत नाही. मी त्याला लंबू म्हणतो. दर रविवारी संध्याकाळी साडेसातला लंबू चिखलात उतरायचा आणि मी खिचडीचं ताट घेऊन त्याच्यासमोर बसायचो. तो पडला की माझा घास अडकायचा. तो जिंकला की मी टाळ्या वाजवायचो आणि मग आपल्याच टाळ्यांचा आवाज ऐकून ओशाळायचो.

आनंद सांगायला माणूस लागतं हो! कारखान्यात डबा खाताना मी एकदा शेजारच्याला म्हणालो, "काल चौघं पळाले होते, शेवटच्या दहा किलोमीटरात सगळ्यांना पकडलं."

"बरं झालं," तो म्हणाला. "आजकाल पोलीस लक्ष द्यायला लागलेत."

सुनंदाला फोनवर सांगायला गेलो तर ती म्हणायची, "ते राहू द्या, गॅसचा कॉक बंद केला का?"

अशात डिसेंबरात लंबूने एक मोठी शर्यत मारली. शेवटच्या फेरीत दोनदा पडून मारली! दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात पेढे नेले. "कशाचे?" "बेल्जियममध्ये आपला माणूस जिंकला." सगळ्यांनी दोन-दोन पेढे उचलले, पण पुढचा प्रश्न कोणीही विचारला नाही. मला ते फार लागलं. घरी येताना चौकात एका कुत्र्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला. खाली चाळीस शुभेच्छुक! मी तिथेच स्कूटर वळवली आणि फ्लेक्सवाल्या गणेशकडे गेलो.

"दहा बाय सहाचा करू," गणेश म्हणाला. "वर टाकतो, 'चिखलाचा बादशहा, हार्दिक अभिनंदन!' शुभेच्छुक कोण कोण?"

"मीच."

"एकटेच?" त्याने कॉम्प्युटरवरून मान वर केली. "काका, एका शुभेच्छुकाचा फ्लेक्स बरा दिसत न्हाई. लोकांना वाटतं घरात भांडणं हायेत."

"बाकीचे पाठवतो," मी म्हणालो. मी घरी आलो, आमचा फॅमिली ग्रुप उघडला आणि एकेकाचा फोटो उचलायला लागलो. सुनंदा, प्राची, माझी थोरली बहीण अक्का, तिचे यजमान दाजी, मुलं, सुना, अगदी तीन वर्षांपूर्वी वारलेले नानाकाकासुद्धा. (ते सायकलवर दूध घालायचे, म्हणून गणेशला सांगितलं, हे वारलेत, यांना मानाची जागा दे.) कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर 'का' सांगावं लागलं असतं. शेवटी माझा फोटो जोडला. अकरा फोटो गणेशला पाठवताना खरं सांगतो, एकेक नाव मोठ्याने म्हटलं. क्षणभर वाटलं, खरंच मंडळ आहे आपलं!

गणेशने फ्लेक्सचा नमुना मोबाईलवर पाठवला तेव्हा मी लंबूची शर्यत चौथ्यांदा बघत होतो. न उघडताच 'ओके' पाठवलं. केसाइतका फरक पकडणारा मी!

बुधवारी सकाळी फ्लेक्स चौकात लागला आणि नऊ वाजता सुनंदाचा फोन आला.

"अहो, प्राचीचं लग्न झालं?"

"नाही गं."

"मग केडगावच्या चौकात ती कोणाशेजारी उभी आहे?"

मी धावत चौकात गेलो आणि मटकन दुकानाच्या पायरीवर बसलो. झालं होतं असं की, शर्यत जिंकल्यावर तिकडे गड्याच्या हातात फुलांचा गुच्छ देतात. मी गणेशला तोच फोटो दिला होता. आंघोळ केलेला, भांग पाडलेला, गुच्छ घेऊन हसणारा लंबू! आणि गणेशचा हात बसलेला लग्नसराईच्या फ्लेक्सवर. त्याने लंबूच्या शेजारची मोकळी जागा बघितली, प्राचीचा साडीतला फोटो तिथे बसवला आणि दोघांभोवती गुलाबांची महिरप काढली. खाली "शुभेच्छुक: समस्त परिवार". कोपऱ्यात मी, हात जोडून, सासऱ्यासारखा!

एवढ्यावर भागलं असतं तर देव पावला असता. आपल्याकडे फ्लेक्सवर वरच्या कोपऱ्यात, चंद्रकोरीसारख्या चौकटीत, 'आशीर्वाद' म्हणून गेलेली माणसं असतात. नानाकाका एकटे कसे दिसतील, म्हणून गणेशने त्यांच्या जोडीला दाजींना बसवलं होतं. दाजी ठणठणीत जिवंत! दुपारपर्यंत दाजींचा एक जुना मित्र अक्काला फोन करून हमसाहमशी रडला. शेवटी दाजींनीच फोन हिसकावून घेतला, "आरं रडू नगं, मी हाय!" त्यावर तो मित्र इतका घाबरला की फोनच टाकून पळाला म्हणे.

रविवारी संध्याकाळी दारात टेम्पो उभा राहिला. आत अक्का, दाजी, मुलं, सुना. त्याच वेळी एसटीने सुनंदा आणि प्राचीही आल्या. फ्लेक्सवरचं अख्खं मंडळ, नानाकाका वगळता, माझ्या दोन खोल्यांत हजर!

"इलास," अक्काने चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली, "पोरगी गोऱ्याला दिली आन आमाला अक्षतासुदिक न्हाई?"

"अक्का, अगं लग्न नाही झालेलं!"

"लगीन न्हाई आन चौकात फोटू? ह्ये तर आनिकच वंगाळ!"

"आन मला कशापायी सोर्गात बसवलं?" दाजी गरजले. "सोसायटीच्या मीटिंगीत मला बघून दोघं उठून उभं ऱ्हायलं!"

प्राची म्हणाली, "बाबा, ऑफिसातले मला विचारतायत, बेल्जियमला कधी जाणार? मी त्या माणसाचं नावसुद्धा ऐकलेलं नाही!"

चहूबाजूंनी माझी चंपी चालली होती, आणि मी काय करत होतो? कपाटाच्या वरच्या फळीवरून पाहुण्यांच्या कपबश्या काढत होतो. त्यांच्यावर नऊ महिन्यांची धूळ होती. घरात दहा माणसांचा कालवा, दारात चपलांचा ढीग. शिव्या पडत होत्या, पण मला फार बरं वाटत होतं. मी नुसता हसत होतो. तेव्हा सुनंदा काळजीने म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं आहे ना?"

"दाव तरी त्यो कोन हाय त्यो!" अक्का कडाडली.

साडेसात वाजतच आले होते. मी टीव्ही लावला. समोर पाऊस, चिखल आणि त्यात लंबू.

अक्का सगळ्यांत पुढे जाऊन बसली. मग दाजी म्हणाले, "रान बेस नांगारलंय, पन पेरा कुटं दिसंना."

लंबूने सायकल खांद्यावर टाकली. "आगं बया!" अक्का ओरडली. "पंक्चर झाली का काय त्याची?"

"नाही अक्का, असंच असतं. आपण नव्हतो का शाळेत जाताना..."

"व्हय की रं!" अक्का एकदम माझ्याकडे वळली. "तू सायकल घ्यायचा, आन मी तुजं दप्तर. त्या वड्यापशी तू आडवा झालता, ध्येनात हाय?"

ध्यानात आहे म्हणजे काय! पन्नाशी उलटली तरी तो ओढा ध्यानात आहे. पण ते सांगायचं सोडून मी उगाच साखर आणायला आत गेलो.

परत आलो तेव्हा घराचं मैदान झालं होतं. लंबू उतारावर पालथा पडला होता आणि नऊ माणसं त्याला उठवत होती. "ऊठ की रं लेकरा!" "हँडल सरळ कर!" "जावई, मारा पाय!" लंबू उठला. चिखलाने डोळे भरलेले, तरी एकाला मागे टाकून दुसरा आला. दाजींनी माझ्या पाठीत असा रट्टा घातला की चहा सांडला. "गडी दमाचा हाय," ते म्हणाले. "जावई म्हनून चालला आसता, पर कापडं कोन धुनार?"

निघताना सगळे म्हणत होते, "आता दर रविवारी यायचं!" दाजींनी जाता जाता चौकातला फ्लेक्स उतरवला आणि टेम्पोत टाकला. ("वाया कशाला घालवायचा? गोठ्याला लई वारं लागतंय.") सुनंदा दाराशी थांबली.

"रोज एकटेच बसून हे बघता?"

"हो."

"फोनवर तर म्हणता, मजेत आहे."

"मजेतच असतो," मी म्हणालो. तिने हातातली पिशवी खाली ठेवली. पण सोमवारी प्राचीचा डबा होता. त्या दोघी शेवटच्या एसटीने गेल्या.

पुढच्या रविवारी मी दहा जणांचे पोहे केले. सव्वासातपासून दार उघडं ठेवलं. साडेसात झाले, पहिली फेरी झाली, दुसरी झाली. अक्काचा फोन आला की गावात जागरण गोंधळ आहे. सुनंदाचा आला की गॅसचा कॉक बंद केला का? लंबू चौथा आला. पोहे मी मंगळवारपर्यंत खाल्ले.

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र मी ठरवलं, ते येत नाहीत तर आपण जाऊ! मोबाईल पूर्ण चार्ज केला आणि दुपारीच अक्काचं गाव गाठलं. लांबूनच फ्लेक्स दिसला. दाजींच्या गोठ्याला झकास आडोसा झाला होता. म्हशींच्या मागे लंबू गुच्छ घेऊन हसत होता, शेजारी प्राची, खाली अक्का, सुना, मुलं, सगळे. मी कोपऱ्याकडे बघितलं. कोपराच नव्हता.

"दाजी, माझा फोटो?"

"माप जरा जास्त व्हतं, इलासराव," दाजी म्हणाले. "कडंचा तुकडा कापला. पर फेकला न्हाई हां! त्यो खुराड्यावर टाकलाय."

जाऊन बघितलं. अक्काच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर मी एकटा, हात जोडून, शुभेच्छा देत उभा होतो.

संध्याकाळी गावातली लाईट गेली. दाजी सोसायटीत गेले, अक्का चुलीपाशी बसली, आणि मी खुराड्याशेजारी खाट टाकून मोबाईल उघडला. तेव्हापासून मंडळाची सभासदसंख्या आठ झाली आहे: मी आणि सात कोंबड्या. अडचण एकच आहे. शर्यत साडेसातला सुरू होते, आणि तोवर बाकीचे सभासद झोपलेले असतात.