चौकीदारभाऊंचं रिक्लाइन

आमच्या चौकीदारभाऊंना इंग्रजीतलं एकच क्रियापद येत होतं, पण ते माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या बाबूपेक्षा पक्कं येत होतं. रिक्लाइन. आरमोरीपुढच्या जंगलातल्या डाकबंगल्याचे ते चौकीदार आणि मी जंगल खात्यातला नवा कारकून. व्हरांड्यातल्या लांब हातांच्या आरामखुर्चीत पडल्या पडल्या एका गोऱ्या साहेबानं त्यांना हा शब्द शिकवला होता. साहेब विलायतेला गेला. खुर्ची आणि शब्द भाऊंकडे राहिले.

शब्दाच्या बाबतीत भाऊ फार कडक. एकदा जेवण झाल्यावर मी सतरंजीवर पडून ऐटीत म्हणालो, "भाऊ, मी रिक्लाइन करतोय."

"नाई बाबू, तुमी नुसते आडवे पडले. रिक्लाइनले पाठीमांगं टेका लागते. पाय वर पाह्यजे. डोरे मिटले तरी कान उघडे पाह्यजे. कान मिटले का झाली झोप."

गोठ्यातल्या बैलाकडे बोट दाखवून मी विचारलं, "आणि हा?"

"तो बसला आहे. जनावराले कायले इंग्रजीत ओढता?"

बंगला रिकामा असला की दुपारी खुर्चीत स्वतः भाऊ. कारण विचारलं तर म्हणायचे, "रिकाम्या खुर्चीले उधई लागते, लाकूड खाऊन टाकते."

मग नवे साहेब आले. न कळवता दौऱ्यावर निघाले, आणि जीपमध्ये मागे मी. वेळ नेमकी दुपारची, म्हणजे भाऊंची खुर्चीत बसायची. व्हायचं तेच झालं. भाऊ खुर्चीत, पाय वर, डोळे मिटलेले. साहेब कडाडले, "कामावर झोपतोस? उद्यापासून येऊ नकोस!"

भाऊ सावकाश उठले. "झोपलो नाई साहेब, रिक्लाइन करून राह्यलो होतो. तुमची जीप नाल्यात दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा हँडल मारलं तवा चालू झाली. झोपल्या माणसाले आयकू येते काय?"

हे खरं होतं, म्हणून साहेब आणखीच भडकले. "मग उठला का नाहीस?"

घरी खाणारी सहा तोंडं. दुसऱ्या कोणीही इथे पाय धरले असते. भाऊ म्हणाले, "रिक्लाइनमंदून लवकर उठता येत नाई, साहेब. तुमी बसून पाहा ना."

भाऊंना खोटं पाडायला साहेब तणतणत खुर्चीत बसले. उन्हातून आलेला माणूस. पाय वर गेले, डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात असे घोरू लागले की छपरावरची माकडं पळाली. मी आणि भाऊ खांबाशी उभे होतो. भाऊंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. नोकरी अजून टांगलेलीच होती.

उन्हं कलल्यावर साहेब दचकून उठले. भाऊ चहा घेऊन पुढे झाले. साहेबांनी पडेल आवाजात विचारलं, "मला झोप लागली होती का रे?"

आता भाऊ डाव उलटवणार, असं मला वाटलं. त्यांनी चहाचा कप साहेबांच्या हातात दिला.

"नाई साहेब. रिक्लाइन करून राह्यले होते तुमी."

साहेबांनी चहा घेतला, आणि नोकरीची गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. पुढे माझी राजुऱ्याला बदली झाली. भाऊ आता नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. त्या शब्दाचा चुकीचा उपयोग त्यांनी माझ्यादेखत तेवढा एकदाच केला, आणि तोही दुसऱ्याची लाज राखायला.