आधी 'पी', मग नमस्कार

सुहृदहो, आज दुपारचा प्रसंग सांगतो. मनातली धास्ती अजून गेलेली नाही.

आम्ही उभयता अंबरनाथहून पालेगावला निघालो होतो. वाटेत मारुतीचे छोटे देऊळ लागते. हिला उकाडा सोसत नाही; एसी चालू राहावा म्हणून इंजिन बंद न करता, ब्रेक दाबून गाडी देवळापाशी उभी केली. पुढे चार हातांवर एक फुलवाली पाठमोरी बसून हार ओवत होती.

पायात चप्पल ठेवून देवाला नमस्कार करायचा नाही, ही माझी बालपणापासूनची सवय. मी गाडीत बसल्या बसल्याच चपला काढल्या, डोळे मिटले, हात जोडले. चप्पल काढताना ब्रेकवरचा पाय उचलला गेला आणि गिअरचा दांडा 'डी'वर, म्हणजे 'ड्राइव्ह'वरच होता. ऑटोमॅटिक गाडी अशा वेळी आपणहून पुढे सरकते. एसीच्या आवाजात मला ते कळलेही नाही.

"अहो, पाय! पाय!" ही किंचाळली. मी ब्रेक दाबला तेव्हा फुलवालीच्या पाठीपासून गाडी वीतभर दूर होती.

ती उठून म्हणाली, "काका, देव कुठं पळून नाय चालला, तुमची गाडी चाललीय!"

मी क्षमा मागितली. आयुष्यभर इंद्रियनिग्रहावर प्रवचने केली. आज एक उजवा पाय आवरता आला नाही.

आधी दांडा 'पी'वर, म्हणजे 'पार्किंग'वर, मग हँडब्रेक, मग चप्पल, मग देव, हा क्रम आता पाठ केला आहे. ही मात्र म्हणते, "उद्यापासून रिक्षाने जाऊ."

सांगा, किल्ली हिच्या हाती देऊ का?