थोरल्याला टोचलं, धाकटीला नाही

आमच्या साखरशेत गावात देवी टोचणारा माणूस आला तो थंडीत, नागलीच्या झोडणीच्या दिवसांत. खळ्यावर जाताना मी नवऱ्याला बजावलं होतं, "दोघांनाही टोचून घ्या." थोरला मुलगा चांगला पळता होता. धाकटी नुकती रांगू लागलेली, खालचे दोन दात आलेले. नवऱ्याने मान हलवली.

संध्याकाळी परतले तर थोरला दंड धरून मुसमुसत होता. धाकटीचे दोन्ही दंड मी चुलीच्या उजेडात पाहिले. कोरे.

"हिला का नाही टोचलं?"

नवरा बैलांना पेंढा टाकत राहिला. उत्तर सासूने दिलं. "मुलीची जात. दंडावर वण राहिला तर उद्या बघायला येणारे नावं ठेवतील. मी तिला घेऊन कणगीमागे बसले होते."

"आणि तुम्ही?" मी नवऱ्याला विचारलं.

"आय म्हणाली, पुढच्या खेपेला बघू."

होळीनंतर धाकटी चालायला लागली. ओटीवरून अंगणात उतरायची, कोंबड्यांमागे धावायची, पडली की आपणच टाळ्या वाजवायची. असंच एका दुपारी तिला उचललं तर अंग तापलेलं. मग तोंडावर पुरळ उठला, त्याचे फोड झाले.

सासूने दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले. घरात फोडणी बंद झाली. 'आजार' म्हणायलाही मला बंदी. पाहुणी आली म्हणायचं, हात जोडायचे. कसली पाहुणी! पोरीच्या घशात फोड आले होते, तिला दूध ओढवेना. कापडाचं टोक नागलीच्या पेजेत बुडवून मी थेंब थेंब तिच्या ओठांत पिळत होते. खाजवू नये म्हणून तिचे हात फडक्यात बांधले होते आणि ती ते हात माझ्यापुढे करून रडत होती. त्याच घरात थोरला हुंदडत होता. त्याला एक फोड आला नाही. हे सगळ्यांना दिसत होतं.

पोर वाचली. चेहरा मात्र खड्ड्यांनी भरला आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. चालणंही ती विसरली होती. कुडाला धरून पुन्हा उभी राहायला शिकली. पहिल्यांदा हात सोडून निघाली आणि डावीकडची दाराची चौकट न दिसल्याने तिच्यावर आदळली.

सासू म्हणाली, "देवीने जीव राखला. उपकार मान."

तेव्हा माझा तोल सुटला. "देवीने राखला. तुम्ही तर घालवायला बसला होतात. दंडावरचा तिळाएवढा वण नको होता ना? आता तोंड बघा हिचं. बघा ना!"

"आयशी असं बोलू नको," नवरा म्हणाला.

"मग तुम्ही बोला. त्या दिवशी गप्प बसलात, आज तरी बोला."

त्याने कोयता उचलला आणि शेतावर निघून गेला.

पुढे मला आणखी एक मुलगी झाली. टोचणारा जव्हारला आलाय असं कानावर आलं, तशी मी तिला पाठीशी बांधली आणि कोणाला न विचारता घाट चढून गेले. घरी येऊन तिचा दंड सासूसमोर धरला. सासूने माझ्या हातचं खाणं सोडलं. मी मनधरणी केली नाही. थोड्या दिवसांत तिची तीच ताटावर येऊन बसली.

मुली लग्नाच्या झाल्या. देवी आलेल्या थोरलीला बघायला लोक यायचे, तिचं तोंड बघायचे आणि तिच्या धाकट्या बहिणीची चौकशी करायचे. दर वेळी पोर आत जाऊन जात्यावर बसायची, दळण नसलं तरी. शेवटी दाभोशाच्या एका घराने तिला पसंत केलं. तिथे ती रमली, आवणीत, भाताची रोपं लावताना, सगळ्या बायांच्या पुढे असते. पाठवणीच्या वेळी नवरा ओक्साबोक्शी रडला. मी त्याच्याजवळ गेले नाही.

सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं हागणंमुतणं मीच काढलं, पेज भरवली. शेजारणी म्हणायच्या, "किती माया करते ही!" माया नव्हती ती. अंगावर पडलेलं काम होतं. एकदा तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मला वाटलं, पोरीचं बरं होईल."

मी मनगट सोडवलं आणि वाटी धुवायला बाहेर गेले.