ड्राय बाल्कनीतली विमानं

मामांनी थिनरच्या वासाबद्दल कुरकुर करणं थांबवलं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. पाटबंधारे खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले, आणि सासूबाई गेल्यावर आमच्याकडे वारज्याला राहायला आले. नवरा सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जातो, तो अंधार पडल्यावरच उगवतो. माझं काम घरूनच चालतं. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघं आणि माझी विमानं.

प्लास्टिकची मॉडेल्स बनवायचा नाद मला लग्नाआधीपासूनचा. डबा उघडला की चौकटींत अडकलेले बारीक बारीक भाग निघतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, फटीत पुट्टी भरून पुन्हा घासायचे आणि मग रंगवायचे. स्वयंपाकघराला लागून असलेली ड्राय बाल्कनी मी सरकत्या काचा लावून बंद करून घेतली होती. तिथे माझं टेबल, आणि टेबलाखाली फरशीवर रंग फवारायचा छोटा कॉम्प्रेसर. काचा सहसा लावलेल्याच असायच्या. हायवे जवळ असल्यामुळे जरा उघडं ठेवलं की ओल्या रंगावर धूळ येऊन बसायची. रंगात थिनर मिसळावं लागतं आणि त्याचा वास घरभर फिरायचा.

"मुलाचं लग्न केलं तेव्हा वाटलं सून आली," मामा नाकाला रुमाल लावून म्हणायचे. "इथे तर गॅरेज आलंय."

पण हळूहळू ते टेबलापाशी येऊन बसायला लागले. आधी नुसते बघत. मग म्हणाले, "एवढं घासून शेवटी ते उडणार आहे का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत पॉलिश पेपरचा तुकडा उचलून एक पंख घासायलाही लागले. वर्षभरात ते माझ्यापेक्षा चांगले रंगवायला लागले. वैमानिकाचा पुतळा शेंगदाण्याएवढा असतो. त्याच्या डोळ्यांची बुबुळं त्यांनी एका केसाच्या ब्रशने काढली होती. त्या दिवशी नवरा घरी आल्या आल्या त्यांनी त्याच्या हातात भिंग दिलं. बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

वासाची तक्रार बंद झाली ती त्याच सुमारास. मला वाटलं, झाली सवय. मग एकदा सकाळची वंदना झाल्यावर ते बुद्धमूर्तीसमोरच्या अगरबत्तीकडे बघत म्हणाले, "हल्ली अगरबत्तीत काय घालतात कोण जाणे. नुसता धूर." माझ्या नाकात चंदनाचा वास भरला होता. मी म्हटलं, "येतोय की वास." त्यांनी दुसरी अगरबत्ती लावली.

त्यानंतर मी नकळत त्यांच्याकडे बघायला लागले. पंखावरची चिन्हं पाण्यात भिजवून कागदावरून अलगद सरकवावी लागतात. त्यांच्या हातून ती दुमडायला लागली. चालताना त्यांचा उजवा हात हलायचा नाही, अंगाला चिकटून राहायचा. एका मॉडेलच्या लाकडी पाटीवर त्यांनी विमानाचं नाव ब्रशने लिहिलं. पहिलं अक्षर ठसठशीत होतं, पुढचं त्याहून लहान, आणि शेवटची अक्षरं मुंगीएवढी. मी विचारलं, "जागा पुरली नाही का, मामा?" पाटी अर्धी मोकळी होती. ते ब्रशचं टोक चिमटीत दाबत म्हणाले, "ब्रश चांगला नाही."

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "वय झालंय गं त्यांचं."

एका दुपारी मी भाजी आणायला खाली गेले. मामा पंखांना प्रायमर मारणार होते. परत आले तर लिफ्टचं दार उघडताच गॅसचा वास आला. वाटलं, कोणाच्या तरी घरातून येतोय. आमच्या दाराशी पोचेपर्यंत तो इतका वाढला की घसा धरला.

दार उघडलं. मामांनी शेगडीवर तापत ठेवलेलं दूध उतू जाऊन आच विझली होती आणि बटण चालूच होतं. पलीकडे बाल्कनीत मामा पाठमोरे बसलेले. एका हातात स्प्रेगन, आणि दुसरा हात टेबलाखाली, कॉम्प्रेसरच्या बटणाकडे चाललेला. सिलिंडरचा गॅस जड असतो, तो फरशीलगत साचतो आणि त्याला बटणाची एक ठिणगी पुरते, हे मला ठाऊक होतं.

"मामा, हात काढा!"

ते दचकून वळले. "काय झालं?"

"कशाला हात लावू नका. उठा. गॅस भरलाय घरात."

"कुठे? मला तर काहीच वास येत नाही."

त्यांचा चेहरा अगदी शांत होता. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली.

मी रेग्युलेटर बंद केला, काचा सरकवल्या, त्यांना दंडाला धरून जिन्याने खाली आणलं. पार्किंगमधल्या बाकावर आम्ही बसलो. मामा हातातली स्प्रेगन रुमालाने पुसत होते. ती ते सोबतच घेऊन आले होते.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "मला कसलाच वास येत नाही. वर्ष होऊन गेलं असेल."

"मग सांगितलं का नाही?"

"नाकाचं काय सांगायचं? नाक म्हणजे काय हृदय आहे?"

नाकाच्या डॉक्टरांनी नाक तपासलं, पण त्यात काही सापडलं नाही. मग त्यांची नजर मामांच्या मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताकडे गेली. अंगठा बोटावर फिरत होता, जणू गोळी वळत होता. त्यांनी मामांना दारापर्यंत चालून यायला सांगितलं. मामा चालून आले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर नको." बाहेर आल्यावर मामा हसले. "नाक दाखवायला आलो तर मेंदू निघाला."

पार्किन्सन्स निघाला. या आजारात वास कित्येकदा आधीच जातो, हाताला कंप सुटायच्या वर्षानुवर्षं आधी, असं मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं. थिनरमुळे झालं का, हे मी विचारलंच. ते म्हणाले, "तसं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण खिडकी उघडी ठेवा, आणि मास्क लावा दोघांनीही."

आता बाल्कनीच्या काचा उघड्या असतात आणि धूळ बसते ती बसते. मामांनी दुधाला हात लावायचा नाही, असं ठरलंय. गोळी घेतल्यावर त्यांचा हात थोडा वेळ स्थिर राहतो. तेवढ्या वेळात ते रंगवतात. चेहरे, चिन्हं मी करते, पंख आणि पोट त्यांचं. उजव्या हातात ब्रश, डाव्या हातात भाग घट्ट धरलेला. डाव्या हाताला काही झालेलं नाही, असं आम्ही सगळेच म्हणत होतो.

परवा ते डाव्या हातात चाक धरून बसले होते. अंगठ्याजवळचं बोट हललं. थांबलं. पुन्हा हललं. मी बघितलं आणि मी बघितल्याचं त्यांनी बघितलं.

"घास तू," ते म्हणाले. "बघत काय बसलीस?"