सोमाजी कोतवालाची पायली

सोमाजी कोतवाल पायली घेऊन दारात उभा राहिला की घरातून पहिला प्रश्न यायचा, "कोण गेलं?" सोमाजी म्हणायचा, "गेलं नाई अजून. म्हून तर आलो."

आमच्या धानोऱ्याकडं माणूस मेलं की तेरवीच्या जेवणाला घरटी एक पायली तांदूळ द्यायची रीत. गोळा करायचं काम कोतवालाचं. मेलेल्याच्या बाबतीत आमचं गाव फार उदार. जिवंत माणूस खाटेवर कण्हत असलं तर मात्र लोक लांबून हळहळायचे. हळहळीला तांदूळ लागत नाहीत. सोमाजीनं उलटंच सुरू केलं. ज्याला चांद्याच्या दवाखान्यात पोट चिरायला सांगितलं अन घरात दमडी नाही, त्याच्या तेरवीचे तांदूळ तो आधीच मागायचा. गडचिरोलीच्या बाजारात विकून दवाखान्याचा खर्च भागवायचा. माणूस मेलाच तर पुन्हा मागणार नाही, ही त्याची बोली.

पाटलांनी त्याला चावडीवर बोलावून झापलं, जित्या माणसाची तेरवी करून गावावर अवदसा आणतो म्हणून. सोमाजी हात जोडून म्हणाला, "पाटील, मेलेला भात खात नाई जी. खाता तुमीच. या बारीनं जरा कमी खा." पाटलांच्या बाजूनं सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मान हलवायलाही काही लागत नाही.

मग माझ्याच घरची पाळी आली. बायकोच्या, पार्बताच्या पोटात गोळा झाला. वैदूनं मुळ्या दिल्या, पुजाऱ्यानं कोंबडा मागितला. कोंबडा पुजाऱ्याच्या पोटात गेला, गोळा तिच्या पोटातच राहिला. धानोऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, आठ दिवसांत चांद्याला नेऊन काढला नाही तर बाई हाती लागत नाही.

सोमाजी न बोलावता आला. मी म्हटलं, चावडीवर मान हलवली, आता कोणत्या तोंडानं मागू. तो म्हणाला, "तुयं तोंड कोण पाहून राह्यलं बे? पोट तिचं हाय. पोतं धर, चाल."

दोन दिवसांत तांदूळ जमले, पण गाडी मिळेना. गावातले सगळे बैल ठेकेदाराच्या लाकडाला लागलेले. पार्बता रात्रंदिवस पोट धरून बसायची. अशात तिच्या माहेरी, तीन कोसांवर, बातमी पोचली की कोतवाल पार्बताच्या नावानं तांदूळ गोळा करून राह्यला. याचा अर्थ कोणीही एकच काढणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा साळा बैलगाडी घेऊन हजर. चार महिने बहीण आजारी, तेव्हा त्याला वाट सापडली नव्हती. आता गाडीत गळा काढून रडणाऱ्या तीन बायका होत्या अन मयतीवर घालायचं माहेरचं नवं लुगडं होतं. पार्बता ओसरीवर पेज पीत बसली होती. तिनं वर पाहिलं अन म्हणाली, "आलास का दादा? मले वाटलं, मेल्याबिगर येत नाईस."

बायकांचं रडणं अर्ध्यातच अडकलं. साळा लुगडं पाठीमागं लपवत होता. तोवर सोमाजीनं गाडीत तणस पसरलीसुद्धा. "मेलीसाठी बैल जुंपले ना भाऊ," तो साळ्याला म्हणाला, "मंग जितीसाठी हाका. अन ते लुगडं आणा इकडं, दवाखान्यात बदलाले होते."

साळ्यानं लाजेनं गडचिरोलीपर्यंत गाडी हाकली. पुढं डोंग्यानं वैनगंगा ओलांडून मोटारीनं चांदा. गोळा निघाला. पार्बता परतली ती तेच लुगडं नेसून. पुढं लग्नाकार्यालाही तेच नेसायची अन भावजयीला मुद्दाम पदर दाखवायची.

सोमाजीला स्वतःला अंतर्गळ होती. लंगोट आवळून बांधून तो गावोगाव फिरायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "माया जीव सरकारी हाय, त्याले रजा नाई." चार-पाच वर्षांनी एका सकाळी आतडं अडकलं. उलट्या सुरू झाल्या, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. सारं गाव पाहून आलं. मीही गेलो, उशाशी बसलो. त्याला चांद्याला न्यायला पाहिजे हे सगळ्यांना कळत होतं. पायली त्याच्याच खोपटात खुंटीवर होती. पण तांदूळ गोळा करणं कोतवालाचं काम, अन कोतवालच खाटेवर. दुसऱ्यानं पायली हातात घेतली तर कसं दिसेल? एवढा बारीक विचार आमच्या गावानं त्याआधी कधी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

तेरवीला मात्र गावानं कमी पडू दिलं नाही. पाटलांनी तीन पायल्या दिल्या. मी दोन दिल्या अन पोटभर जेवलो. पार्बता उठून घरी गेली. मी घरी पोचलो तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "तुमी काऊन नाई फिरले पायली घेऊन?"

पुढं सारा जन्म तिनं हे विचारलं. भांडताना नाही. ताटात भात वाढता वाढता, सहज. मी खाली मान घालून जेवायचो.

यंदा ती गेली. आता भात मीच वाढून घेतो, अन विचारतोही मीच.