एकट्याचा फोटो

तीस वर्षं बातमीदारी केली की छापलेल्या बातम्या विसरतात, न छापलेल्याच डोक्यात साठत जातात. गेल्या दीड वर्षात माझ्याकडे साठल्या त्या सगळ्या व्यायामाच्या. ऐकणारे हसतात. आम्हाला त्या वेळी हसू आलं नव्हतं, पायाखालची जमीन सरकली होती.

सुरुवात सुतारपासून. हा आमच्या पेपरची आरोग्य पुरवणी काढायचा. एका संध्याकाळी 'रोज चाला, हृदय सांभाळा' असं हेडिंग टाइप केलं आणि की-बोर्डवरच डोकं टेकलं. आम्हाला वाटलं, डुलकी लागली!

दवाखान्यातून तो गेल्याचा फोन येईपर्यंत पानं छपाईला सोडायची वेळ झाली होती. पानं लावणाऱ्या डेस्कवरून पहिला प्रश्न आला, "सुतारचा एकट्याचा फोटो हाय का?" आमचा फोटोग्राफर बापू उठला आणि कॉम्प्युटरमधून फोटो काढून दिला. निधनाच्या बातमीला एकट्याचाच फोटो लागतो. बापूनं आजवर असे शेकड्यांनी दिले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही आठजण रंकाळा तलावावर चालायला हजर! कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

---

पहिला आठवडा कुणी धड चाललंच नाही. जो तो मनगट धरून नाडी मोजत उभा. क्रीडा बातमीदार पाटील आयुष्यभर खेळाडूंच्या दमावर टीका करत आला, तो तीनशे पावलांत कठड्यावर बसला. म्हणाला, "माझी छाती वाजाय लागलीया. तुमास्नी ऐकू येतंय का?"

त्या दिवसापासून नियम झाला. सहाच्या आत ट्रॅकवर यायचं, नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कारण टाकायचं. कारण न टाकणारा मेला असं समजण्यात येईल!

दुसरा नियम कुणी केला नाही, तो आपोआप झाला. बापूनं कॅमेरा उचलला की सगळे एकमेकांना चिकटून उभे राहायचे. एकट्यानं सापडायचं नाही.

"आरं, उजेड बेस्ट हाय, एकेकटं हुबं ऱ्हावा की!" बापू ओरडायचा.

"तुझ्या कॅमेऱ्याला आमी एकटं घावणार न्हाय!" पाटील म्हणायचा. शेवटी बापू कॅमेरा कुणाच्यातरी हातात देऊन आमच्यातच घुसायचा.

---

बागेतल्या ओपन जिममध्ये मी एका यंत्राचा दांडा ओढला आणि तो माझ्या हातातच आला. मी मागे कोसळलो. डोकं फरशीपासून वीतभर लांब राहिलं. लोकांच्या जिवाशी खेळ चाललाय! मी तसाच दांडा घेऊन महापालिकेच्या ऑफिसात गेलो आणि साहेबांच्या टेबलावर आदळला.

"हे बघा तुमचं व्यायामाचं साहित्य!"

साहेबांनी दांड्याकडे बघितलंच नाही. माझ्या पोटाकडे बघत विचारलं, "तुम्ही व्यायाम करताय? डॉक्टर काय म्हणाले?"

मी बातमी लावलीच. पण घरी जाऊन आधी बीपी मोजून घेतलं.

---

एकदा पाटील आला नाही. कारण नाही, मेसेज नाही, फोन बंद. सव्वासहा, साडेसहा. शेवटी आम्ही सातजण शिवाजी पेठेत त्याच्या दारात गेलो, पण बेल कोण वाजवणार? एकमेकांना ढकलत उभे राहिलो.

दार वहिनींनीच उघडलं. सात तोंडं पडलेली आणि आठवं गायब. त्या चौकटीला धरून खालीच बसल्या.

"आमचं मालक कुठायत? पाचलाच तर बाहेर पडल्यात!"

आता आमचंच अवसान गेलं. एवढ्यात गल्लीच्या तोंडाला पाटील दिसला. मिसळ खाऊन मिशी पुसत येत होता. पांढऱ्या टी-शर्टवर कटाचा लालभडक डाग. दारातली गर्दी बघून तो धावत सुटला आणि रडवेल्या आवाजात ओरडला, "कोण गेलं?"

वहिनींनी चप्पल काढली. आमच्यात सगळ्यात जोरात पाटील पळाला तो त्या दिवशी!

---

बापू एकही दिवस चुकला नव्हता. पण उन्हाळ्यात तो मागे पडायला लागला. पाच पावलं चालायचा, थांबून कॅमेरा डोळ्याला लावायचा. एकदा माझं लक्ष गेलं. लेन्सवर झाकण तसंच होतं.

मी त्याला ओढतच डॉक्टरकडे नेलं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "लगेच ॲडमिट व्हा."

मी भडकलो. "असं कसं? आम्ही एका सोर्सवर बातमीसुद्धा देत नाही!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "दुसरा सोर्स पोस्टमॉर्टेमचा असतो."

बापूनं माझा हात धरला. त्याचा हात गार पडला होता. माझा त्याहून गार.

---

अँजिओप्लास्टीच्या दिवशी सकाळी बापू दवाखान्याच्या खिडकीपाशी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या हातात दिला.

"माझा एकट्याचा काढ."

"मी न्हाय काढणार."

"काढ मर्दा. माझ्या कॉम्प्युटरात सगळ्यांचं जुनं हायत. माझाच न्हाय."

मी काढला. हात थरथरत होता. मग त्याला आत नेलं.

तासाभरानं फोन वाजला. ऑफिसात अफवा पोचली होती. डेस्कवरचा माणूस चाचरत म्हणाला, "सर, बापूंचा... एकट्याचा फोटो हाय का?"

"न्हाय!" मी ओरडलो. "ग्रुपमधला हाय. छापायचा तर आठी जणांचा छापा!" फोन आपटला. कॅमेरा माझ्या मांडीवरच होता.

दुपारी मला आत सोडलं. बापूनं डोळे किलकिले केले. ओठ सुकले होते.

"डेस्कचा फोन आलता?"

"न्हाय."

"खोटं बोलू नगंस. मी डेस्कवर असतो तर मीबी मागितला असता." त्यानं हात पुढे केला. "दाव बघू, कसा आलाय."

मी दाखवला. त्यानं बराच वेळ निरखून बघितला.

"हललाय," बापू म्हणाला. "ह्यो चालणार न्हाय."