सुगलाक्काच्या गाण्याची शेवटची ओळ

सुगलाक्का 'पारंपरिक' नव्हती.

आज पहाटे ती गेली. भवानी पेठेत, आपल्या घरात, नव्वदी गाठून.

सकाळपासून एक पोस्ट फिरतेय: 'पारंपरिक लोकगीतं गाणाऱ्या आजींचं निधन'. फोटो छान आहे. मजकूर चूक आहे.

ती गाणी तिची होती. तिने स्वतः रचलेली. हे सांगितल्याशिवाय मी आज गप्प बसणार नाही. श्रद्धांजली वगैरे नंतर.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. मी करकंबहून नुकतीच लग्न होऊन पेठेत आले होते. अक्का मूळची अक्कलकोटकडची. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यासाठी कांड्यांवर सूत भरून द्यायचं, हे तिचं पोटापाण्याचं काम. हात कांडीवर आणि तोंडात गाणं.

सुट्टीच्या दिवशी माग बंद असला की शेजारच्या पद्माच्या घरी, मागाच्याच खोलीत, तिची बैठक भरायची.

स्टेज नाही, माइक नाही. अक्का मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायची आणि रिकाम्या कांडीने पितळी ताटलीवर ठेका धरायची. आम्ही जागा मिळेल तिथे. कुणाच्या डोक्याला मागाची दांडी लागायची, कुणाच्या मांडीवर दुसऱ्याचं पोर.

आणि तिथे फुकट ऐकायची सोय नव्हती!

येईल त्याला अक्का एक कडवं वाटून द्यायची. पाठ करायचं आणि आपली पाळी आली की म्हणायचं.

"माझ्या डोक्यात लई गर्दी झालीया. जरा तुमी पन सांबाळा की."

माणसांना ती गावाच्या नावाने हाक मारायची. एका ऑफिसातले कारकून आमच्या गल्लीत भाड्याने राहायचे, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. ते माढा. मी करकंब.

मघाशी भाऊंनी त्या फिरणाऱ्या पोस्टखाली कमेंटमध्ये लिहिलंय, "मी पहिल्यांदा गेलो तो चहाच्या आशेने. चहा काही मिळाला नाही. कडवं मिळालं, ते अजून आहे."

पद्माने पुण्याहून व्हॉइस नोट पाठवलीय. "घरी आम्ही तेलुगू बोलायचो गं. अक्काचं कडवं आधी पाठ झालं, अर्थ मागाहून कळला. माझं मराठी तिथनं सुरू झालं."

मला मात्र कडवं मिळालं नाही. मला एकच ओळ मिळाली.

गाणं कांडी भरण्याचंच होतं.

*भर भर कांडी, सूत तुटू नगं,*
*गाठ मारते मी, धोटा थांबू नगं.*

त्या दिवशी सगळ्यांची कडवी झाली. शेवटचं अक्काने स्वतः धरलं. तीन ओळी म्हटल्या आणि ठेका थांबला. पदर तोंडाला लावून ही बाई चक्क लाजली.

"फुडं म्हनवत न्हाय. माझंच नाव हाय त्यात. आपल्या तोंडानं आपलं नाव कसं घ्यायचं?"

तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि बोट माझ्यावर ठेवलं.

"ए करकंब, तू घे."

माझ्या शेजारी सासूबाई होत्या. त्या माझ्या आधी बोलल्या. "आमच्या सुना गात न्हायत."

"गायला कुटं सांगते वैनी? नुसतं नाव घ्यायचं हाय. लग्नात घेतलंच की तिनं."

खोली हसली. त्या हशातच मी ओळ म्हणून टाकली. आवाज फाटला होता. पण त्या घरात आल्यापासून माझा आवाज पहिल्यांदाच मला ऐकू आला होता.

तेव्हापासून ती ओळ माझी.

आणि घोळ तिथेच झाला.

मी नसेन तिथे अक्का तिसऱ्या ओळीवर थांबायची. तिच्याकडून ज्यांनी ज्यांनी गाणं उचललं, त्यांनी तसंच बिननावाचं उचललं. ते पेठेबाहेर गेलं, लग्नाकार्यात गेलं. माझ्या नातीच्या शाळेत गॅदरिंगला नाच बसवला, तर कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं, 'पारंपरिक गीत'. अक्का माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होती!

मी भांडायला उठले तर हात धरून खाली बसवलं. "ऱ्हाऊ दे की. गानं तर हाय न्हवं?"

हाय, अक्का. पण तेवढ्यावर भागत नाही. मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आज दहाच्या सुमारास तिला बाहेर आणलं. दारात माणसं होती, भजनवाले होते. भाऊ काठी टेकत आले होते. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुमचं कडवं?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुरू केलं. पद्माचं कडवं तिच्या भावजयीने म्हटलं. भजनवाल्यांनी टाळ खाली ठेवले. कुणीतरी पुटपुटलं, "ही काय येळ हाय व्हय?"

हीच वेळ होती.

मग शेवटचं कडवं आलं. ते अक्काचं स्वतःचं. मी उचललं. सत्तरीचा गळा, त्यात रडू. तरी म्हटलं. मागून म्हणणारे सगळे तिसऱ्या ओळीवर सवयीने थांबले.

मी थांबले नाही.

*सूत कुणी भरलं, लुगडं न्हाय सांगत,*
*नाव भरणारीचं काठावर न्हाय लागत.*
*पुसलंच कुणी तर खुशाल सांगा बाई,*
*सुगलानं भरलं, दुसरी कुणी न्हाई.*

ही पोस्ट शेअर करा. ज्यांच्याकडे कडवी असतील त्यांनी खाली लिहा. गाणं कुठेही म्हणा, नाचा, लग्नात वाजवा. फक्त तिसऱ्या ओळीवर थांबू नका.

जा, अक्का. तू लाजत राहा.

नाव आम्ही घेतो.